ट्रेलर ओढण्यासाठी इंजिन रिमॅप करावं का?

वळणवाट

नमस्कार मंडळी,

गाडी दोन लिटर टर्बो डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीच्या कागदावर १४० एचपी आणि ३२० न्यूटनमीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर). मागे कॅरॅव्हॅन असते. माणसं-सामान धरून गाडी १९०० किलो, भरलेली कॅरॅव्हॅन १६००, म्हणजे सगळं मिळून साडेतीन टन. दोन्ही आकडे काट्यावर वजन करून घेतलेले आहेत, अंदाजपंचे नाहीत.

सपाटीला काही तक्रार नाही. दहा टक्क्यांचा चढ लागला की मात्र दम निघतो. ६० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन १८०० आरपीएमवर असतं आणि पॅडल तळाला टेकवलं तरी वेग उतरत जातो. मागे रांग लागते, कोणी धोकादायक ओव्हरटेक करायला बघतं, आणि त्याची मला खरी काळजी आहे. मला रेस लावायची नाही. चढावर बाकीच्या वाहतुकीबरोबर राहता आलं तरी पुरे.

एका ट्यूनरने सांगितलं की रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून, ४०० न्यूटनमीटरपर्यंत नेता येईल. ज्यांनी ओझं ओढण्यासाठी म्हणून रिमॅप केलंय त्यांना विचारायचं आहे: फरक खरंच जाणवतो का? क्लच आणि टर्बो किती टिकतात? आणि टॉर्क वाढला म्हणजे जास्त वजनाचा ट्रेलर लावता येतो का?

डिझेलप्रेमी

डोळे झाकून करा. माझ्याकडे असंच दोन लिटरचं इंजिन आहे, रिमॅप करून वर्षं झाली. ट्रेलर लावल्यावर आधी जिथे तिसरा टाकावा लागायचा तिथे आता चौथ्यावर आरामात चढते. डिझेलही थोडं कमीच लागतं. टर्बो डिझेलमधून २०-२५ टक्के जास्त टॉर्क निघतो, कारण कंपनीने राखीव ठेवलेलाच असतो.

पाना_पक्कड

वळणवाट, घाई करू नका. माझं गॅरेज आहे. "गाडी ओढत नाही" म्हणून रिमॅपची चौकशी करणाऱ्या बऱ्याच गाड्यांना रिमॅपची गरजच नसते, त्या आहे तेवढी ताकदही देत नसतात.

आधी हे बघून घ्या. एअर फिल्टर कधी बदललाय? हवा मोजणारा सेन्सर धुळीने किंवा तेलाने माखलेला नाही ना? टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची तापलेली हवा गार करणारा भाग) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणाऱ्या नळ्या हाताने दाबून बघा, क्लिपांपाशी तेलकट ओल दिसते का ते बघा. ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) अर्धवट उघडा अडकला असेल तर ताज्या हवेची जागा धूर घेतो. डिझेल फिल्टर तुंबला असेल तर फुल लोडला रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या डिझेलचा दाब) पडतं, एरवी काही कळत नाही. ट्रेलरचा एखादा ब्रेक घासत चालत असेल तर तोही तपासा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून उतरा आणि ट्रेलरच्या प्रत्येक चाकाजवळ हात धरून बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की समजा.

मग ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून चढावर लॉग घ्या. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी ठेवा. दोन्ही जुळत असतील तर इंजिन ठणठणीत आहे. तफावत असेल तर आधी ती दुरुस्त करा. आजारी इंजिनावर रिमॅप चढवला तर ट्यूनरचा प्रोग्रॅम कितीही चांगला असो, पैसा वाया.

रानवारा

पाना_पक्कड यांना अनुमोदन. माझ्या गाडीचं नेमकं असंच झालं होतं. ट्रेलर नसताना काही जाणवायचं नाही, डॅशबोर्डवर दिवाही नाही. ओझं लावून चढावर पॅडल दाबलं की बारीक शीळ ऐकू यायची आणि मागे काळा धूर. इंटरकूलरच्या खालच्या रबरी नळीला क्लिपच्या आतल्या बाजूने बोटाच्या पेराएवढी चीर होती. इंजिन बंद असताना ती मिटलेली असायची, बूस्ट भरला की उघडायची. मेकॅनिकने नळी काढून हातात वाकवली तेव्हा दिसली. नळी बदलली आणि गाडी परत पहिल्यासारखी. रिमॅपचा विषय तिथेच मागे पडला.

अंकगणित

धागाकर्त्याने सगळे आकडे दिलेत, तर हिशोबच मांडून बघू.

३५०० किलो, दहा टक्के चढ. नुसतं वर चढवण्यासाठी साधारण ३४०० न्यूटन बल लागतं. ६० च्या वेगाला त्याचे ५७ किलोवॉट होतात. टायरचा रोध सुमारे ७ किलोवॉट. कॅरॅव्हॅनसकट हवेचा रोध या वेगाला सुमारे ८. बेरीज ७२. इंजिनपासून चाकापर्यंत दहा टक्के वाटेत जातात असं धरलं तर इंजिनाला ८० किलोवॉट द्यावे लागतील.

आता इंजिन किती देतं? टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॉट मिळतात.

चौथा गिअर, १८०० आरपीएम, ३२० न्यूटनमीटर: ६० किलोवॉट. लागतात ८०. वेग उतरणारच.

चौथा गिअर, १८०० आरपीएम, रिमॅप करून ४००: ७५. अजूनही कमीच!

तिसरा गिअर, त्याच वेगाला साधारण २५५० आरपीएम, कंपनीचेच ३२०: ८५. पुरून उरतात.

म्हणजे तुमची गाडी आजही तो चढ ६० ने चढू शकते, फक्त तिसऱ्या गिअरमध्ये. आणि रिमॅप करूनही चौथ्यात ती ६० धरणार नाही.

रिमॅपचा खरा फायदा तिसऱ्यात आहे. तिथे ३८० न्यूटनमीटर मिळाले तर १०० किलोवॉटच्या आसपास जातात, आणि त्यावर हाच चढ ७० ने चढता येतो. तेव्हा प्रश्न असा विचारा की ६० ऐवजी ७० साठी एवढं करायचं का. काहींचं उत्तर हो असेल, आणि ते चूक नाही.

ढगफुटी

थोडक्यात, गिअरचा दांडा हा गाडीसोबत आलेला पहिला रिमॅप.

डिझेलप्रेमी

अंकगणित, हिशोब बरोबर आहे, पण तिसऱ्यात इंजिन सारखं बोंबलत राहतं. लांबच्या चढाला पंधरा मिनिटं २५०० च्या वर? ऐकवत नाही. आणि झीज होते ती वेगळीच. चौथ्यात शांतपणे चढणारी गाडी जास्त टिकते असं माझं मत. शिवाय सगळेच चढ दहा टक्क्यांचे नसतात. माझ्या वाटेवर पाच-सहा टक्क्यांचे आहेत, तिथे चौथा पुरतो.

पाना_पक्कड

डिझेलप्रेमी, पाच-सहा टक्क्यांना चौथा पुरतो हे मान्य. झीज मात्र तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलट होते.

२५०० आरपीएम म्हणजे डिझेल इंजिनाला काहीच नाही, ते ४००० च्या पुढे फिरायला बनवलेलं असतं. जास्त आरपीएमला पाण्याचा पंप जोरात फिरतो, ऑइलचं प्रेशर चांगलं राहतं, प्रत्येक स्फोटाला लागणारं डिझेल कमी असतं. इंजिन मरतं ते १५००-१६०० ला पॅडल तळाला दाबून ओझं ओढताना. प्रत्येक स्फोट मोठा आणि दोन स्फोटांमधलं अंतर जास्त. बेअरिंगवरचा तेलाचा थर त्याच वेळी सगळ्यात पातळ असतो, आणि ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (क्लचला लागून असलेलं, धक्के शोषणारं जड चाक) स्प्रिंगा प्रत्येक ठोक्याला पार दाबल्या जातात. रिमॅप करून तिथेच ८० न्यूटनमीटर अजून टाकले की पहिला जातो क्लच, नाहीतर फ्लायव्हील.

रिकामी गाडी तो टॉर्क क्षणभर वापरते आणि वेग घेते. ट्रेलरवाली गाडी तोच टॉर्क दहा मिनिटं सलग मागते. माझ्याकडे रिमॅपनंतर क्लच घसरतो म्हणून येणाऱ्या गाड्यांत ओझं ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं ते यामुळेच.

क्लच आत्ता कसा आहे हे बघायचं असेल तर ट्रेलर न लावता मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून एकदम पूर्ण पॅडल द्या. आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडीचा वेग मागे राहिला तर प्लेट संपत आलीय. अशा क्लचवर रिमॅप नको. फार वेळा करून बघू नका, एकदा पुरे.

नकाशा

मी ट्यूनिंगचंच काम करतो. इथे सगळं "रिमॅप" या एकाच शब्दात चाललंय, म्हणून आत नक्की काय बदलतं ते सांगतो.

तुम्ही पॅडल दाबता तेव्हा ईसीयू सरळ डिझेल सोडत नाही. पॅडलवरून आधी किती टॉर्क हवाय ते ठरतं. मग त्या मागणीला एकामागून एक मर्यादा लागतात: आरपीएमनुसार कमाल टॉर्क, काही गाड्यांत गिअरनुसार वेगळी मर्यादा, हवा किती आत आली त्यावरून धुराची मर्यादा, आणि पाणी-तेल-डिझेल तापलं तर वेगळी कपात. या सगळ्यांतून जे उरतं त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, रेल प्रेशर किती, बूस्ट किती, इंजेक्शन केव्हा सुरू करायचं हे ठरतं. या सगळ्या तक्त्यांतले आकडे बदलणं म्हणजे रिमॅप.

वाईट रिमॅप म्हणजे टॉर्कची आणि धुराची मर्यादा उचलायची आणि डिझेल वाढवायचं, हवा मात्र तेवढीच. आकडा दिसतो, गाडी उडी मारते, मालक खूश. पण हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं आणि ते उशिरापर्यंत जळत राहिलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं. रिकाम्या गाडीला त्याने काही होत नाही, कारण पाच-सात सेकंदांत पाय सैल होतो. ट्रेलरवाल्याचा पाय सैल होत नाही. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल होईपर्यंत तापतात. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. जळणारा वायू त्याहून कितीतरी गरम असतो. पिस्टन टिकतात ते खालून उडणाऱ्या तेलाच्या फवाऱ्यामुळे आणि हा मारा थांबून थांबून होतो म्हणून. ती थंड व्हायची उसंत काढून घेतली की पिस्टनचा माथा तडकतो.

ओझ्यासाठीचा रिमॅप मी असा करतो. १८०० च्या खाली टॉर्क जवळपास कंपनीएवढाच ठेवायचा, म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील वाचतात. तिथून हळूहळू वर नेत २२०० ते २८०० मध्ये सपाट पठार द्यायचं. या इंजिनासाठी मी ३६०-३७० वर थांबेन. डिझेलबरोबर हवा वाढवायची, पण टर्बोच्या क्षमतेत, कारण उंचावर हवा विरळ झाली की तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं. आणि तापमानाच्या कपातीच्या तक्त्यांना हात लावायचा नाही. तो हात कोणी लावत असेल तर तिथून निघून या.

वळणवाट, त्या ट्यूनरला ४०० किती आरपीएमला देणार ते विचारा. १७००-१८०० ला म्हणाला तर ते ओझ्याचं काम नाही.

घोडेवाली

मी घोड्यांचा ट्रेलर ओढते, गाडी ऑटोमॅटिक. नकाशा म्हणतात तसा सपाट टॉर्कवाला रिमॅप करून घेतलाय आणि मी समाधानी आहे, पण कारण वेगळं आहे. जिवंत ओझं असलं की धक्का नको असतो. आधी चढावर गिअरबॉक्स सारखा तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करायचा आणि प्रत्येक वेळी मागे घोडा पाय सावरायचा. ट्रेलरमधून टापांचा आवाज यायचा, ऐकून माझ्या पोटात गोळा यायचा. आता एक गिअर धरून ठेवते.

ऑटोमॅटिकवाल्यांनी एक नक्की करावं, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघायची सोय. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) लॉक नसताना ओझं ओढलं की सगळी घसरण तेलात उष्णता होऊन उतरते. माझं एरवी ८५-९० अंश असतं. १२० च्या दिशेने जायला लागलं की मी बाजूला थांबते. रिमॅपच्या आधी मी मोठा ऑइल कूलर बसवला आणि तेल बदललं. रिमॅप आणि कूलर या दोन्हींत जास्त उपयोग कशाचा झाला असं कोणी विचारलं तर मी कूलर म्हणेन.

पाना_पक्कड

घोडेवालीताई, तुमचा प्रतिसाद फ्रेम करून गॅरेजमध्ये लावावा असा आहे.

पेट्रोलपंत

डिझेलवाल्यांनी धागा ताब्यात घेतलाय! माझी दीड लिटर टर्बो पेट्रोल आहे, मागे लहान ट्रेलर, भरून ७०० किलो. मला रिमॅपचा उपयोग आहे का?

नकाशा

पेट्रोलपंत, टर्बो असल्यामुळे टॉर्क वाढेल, पण पेट्रोलमध्ये जास्त जपून. चढावर सतत लोड आला की सिलिंडर तापतात, नॉक (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू होतं, ईसीयू इग्निशन मागे घेतो आणि रिमॅपने दिलेला टॉर्क काही मिनिटांत परत जातो. वर एक्झॉस्ट गार ठेवायला जादा पेट्रोल ओतलं जातं ते वेगळंच. रिमॅप ज्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलाय त्याहून कमी ऑक्टेनचं भरलं तर हे अजून लवकर होतं.

दुसरं, लहान टर्बो इंजिनात थेट इंजेक्शन असेल तर कमी आरपीएम आणि मोठा लोड या जोडीने ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. एका झटक्यात पिस्टनची कड तुटू शकते. तेव्हा २००० च्या खाली पॅडल तळाला नेऊच नका, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं घाला. २०२० मध्ये आलेल्या त्या दर्जात या दोषाची चाचणी आहे. ७०० किलोसाठी मी रिमॅप करणार नाही.

टर्बो नसलेलं पेट्रोल असेल तर विषयच सोडा. पाच, फार तर दहा टक्के मिळतात, आणि दर हजार मीटर उंचीला साधारण तेवढेच विरळ हवेत जातात.

कागदपत्र

धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. उत्तर स्पष्ट आहे: नाही. रिमॅपने ओढण्याची अधिकृत क्षमता एक किलोनेही वाढत नाही.

तो आकडा फक्त इंजिनावरून ठरत नाही. चासी, हिच (ट्रेलर जोडायचा आकडा), मागचा ॲक्सल, ब्रेक, रेडिएटर, क्लच यांत जे सगळ्यात कच्चं असेल तिथे तो थांबतो. युरोपीय संघाच्या नियमात एक अट अशी आहे की पूर्ण भरलेली गाडी आणि ट्रेलर १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून परत सुटले पाहिजेत. ही परीक्षा मुख्यतः क्लचची आहे. अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे मानक आहे, त्यात १२ टक्क्यांवर सुटणं आहेच, शिवाय डेव्हिस डॅमचा चढ आहे: ॲरिझोनातला साधारण १८ किलोमीटरचा रस्ता, सुमारे ९०० मीटर चढाई, बाहेर ३८ अंश उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि तरी ठरावीक वेगाखाली यायचं नाही. ही परीक्षा थंड ठेवण्याची. या दोन्हींत जे भाग तपासले जातात त्यांतला एकही रिमॅपने बदलत नाही.

आणि विमा कंपनीला लेखी कळवा. बदल लपवून ठेवला आणि अपघातानंतर उघड झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. वॉरंटीत असलेल्या गाडीचंही तसंच. परत जुना प्रोग्रॅम टाकला की कळत नाही, या भरवशावर राहू नका, बऱ्याच ईसीयूमध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते.

रानवारा

आणि रिमॅपऐवजी सेन्सर आणि ईसीयूच्या मधल्या वायरिंगला जोडायचे ते ट्यूनिंगचे डबे? काढून ठेवता येतात म्हणतात.

नकाशा

काढता येतात हे खरं. पण बहुतेक डबे एवढंच करतात की सेन्सरचा सिग्नल मध्येच पकडून ईसीयूला रेल प्रेशर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवायचं, म्हणजे ईसीयू दाब वाढवतो. ईसीयूला वाटतं सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, आणि प्रत्यक्षात डिझेल जास्त जातंय. मग धुराची, टॉर्कची, क्लच वाचवण्याची सगळी गणितं खोट्या आकड्यांवर चालतात. रिकाम्या गाडीला चालून जातं. ओझ्याला मी सुचवणार नाही.

वेगळाविचार

डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर काढून टाका, मग रिमॅप करा. इंजिन मोकळा श्वास घेतं, एक्झॉस्टही गार राहतो. ओझं ओढणाऱ्याने सगळ्यात आधी हेच करावं.

घोडेवाली

नाही. तो धूर मागच्या गाडीतली मुलं आणि रस्त्याकडेला चालणारी माणसं घेतात. आणि बहुतेक ठिकाणी तसं करणं बेकायदा आहे.

पाना_पक्कड

वेगळाविचार, यांत्रिक बाजूनेही ते पटत नाही. पूर्ण पॅडलला ईजीआर तसाही बंद असतो, तर चढावर तुम्हाला मिळालं काय? आणि ओझं ओढणाऱ्याचा डीपीएफ सहसा सगळ्यात स्वच्छ असतो, कारण एक्झॉस्ट इतका तापतो की काजळी चालता चालता जळून जाते. डीपीएफ तुंबतात ते जवळच्या जवळ, थंड इंजिनावर फिरणाऱ्या गाड्यांचे. हां, रिमॅप धूर मारणारा असेल तर डीपीएफ भरेल. पण तो रिमॅपचा दोष, डीपीएफचा नाही.

वेगळाविचार

पूर्ण पॅडलला ईजीआर बंद असतो हा मुद्दा मान्य. माझ्या गाडीचा अनुभव चांगला आहे एवढंच.

डोंगरदऱ्या

अवांतर होतंय, पण राहवत नाही. सगळे चढायचं बोलतायत. उतरायचं काय? साडेतीन टन खाली आणताना रिमॅप काडीचा कामाला येत नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ब्रेक सतत घासत ठेवू नका, थोडे जोरात दाबून सोडत चला.

आणि ट्रेलर डोलण्याबद्दल. मागची बाजू जड झाली की ७०-८० ला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. हिचवर येणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या पाच-सात टक्के असावा असा युरोपातला संकेत आहे, अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के धरतात. आपल्या हिचची आणि गाडीची मर्यादा बघून ठरवा. जड सामान ॲक्सलच्या वर, तळाला. ट्रेलर डोलायला लागला तर पॅडल सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि वेग देऊन सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच नको. रिमॅपने गाडी अंगात आल्यासारखी ओढायला लागते आणि मागे दीड टन आहे हे विसरायला होतं, म्हणून हे इथे लिहिलं.

ढगफुटी

अवांतर कसलं, डोंगरदऱ्या. धाग्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस गप्प होतो कारण सांगितलेलं एकेक करून बघत होतो.

नळ्या ठीक निघाल्या. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले. ट्रेलरचे ब्रेक तपासले, कुठे घासत नाहीत. चढावर लॉग घेतला: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जवळपास तंतोतंत जुळतो, रेल प्रेशरही पडत नाही. म्हणजे इंजिन निरोगी. क्लचची चाचणी ट्रेलर न लावता केली, घसरला नाही.

मग अंकगणित यांचं ऐकून तिसऱ्यात चढवून बघितली. हिशोबाप्रमाणेच, ६० ला टिकून राहते. पाण्याचं तापमान चौथ्यात जितकं चढायचं त्याहून कमी चढलं हे बघून आश्चर्य वाटलं. पण तिसऱ्यातही पॅडल जवळजवळ तळालाच असतं, हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. समोर ट्रक आला आणि वेग एकदा मोडला की परत ६० गाठायला फार वेळ लागतो. तेव्हा थोडी राखीव ताकद हवी असं अजूनही वाटतं.

त्या पहिल्या ट्यूनरला ४०० कुठे देणार ते विचारलं. "१७५० ला, तिथेच मजा आहे" म्हणाला. तिथे करणार नाही. दुसऱ्या एकाशी बोललो, तो २२०० च्या पुढे ३६५ म्हणतो, आधी-नंतरचे लॉग देणार आणि मूळ फाइल मला कॉपी करून देणार. विमा कंपनीला कळवलंय, उत्तराची वाट बघतोय. करू ना?

नकाशा

करा. त्याला अजून एक सांगा: डायनोवर (जागेवरच ताकद मोजायचं मशीन) नुसत्या दहा सेकंदांच्या रनवर सोडू नको, लोड धरून दोन-तीन मिनिटं चालव आणि एक्झॉस्टचं तापमान दाखव. आधीच्या आणि नंतरच्या लॉगमध्ये हवा आणि डिझेल दोन्ही वाढलेलं दिसायला हवं. नुसतं डिझेलच वाढलं असेल तर मूळ फाइल परत टाकून घ्या.

पाना_पक्कड

आणि पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर) बसवा, आधी बसवा, रिमॅप नंतर. त्याचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. टर्बोनंतर बसवला तर शंभर-दीडशे अंश कमी दिसतात आणि उगाच निश्चिंत व्हाल. मॅनिफोल्ड उतरवूनच भोक पाडायला सांगा, लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर पाती जातील. चढावर काटा ७०० च्या आसपास सतत राहिला की पाय सैल करा किंवा गिअर खाली घ्या. माथ्यावर थांबणार असाल तर लगेच चावी फिरवू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा.

ऑइल बदलायचं अंतरही कमी करा, कंपनी ओझ्यासाठी वेगळं अंतर पुस्तिकेत देते ते बघा.

डिझेलप्रेमी

मी पण पायरोमीटर बसवतोय. आणि या वेळी चढ तिसऱ्यात घेऊन बघतो, वळणवाट यांचं पाण्याच्या तापमानाचं वाचल्यापासून डोक्यात बसलंय. प्रोब कुठल्या मापाच्या आट्यांचा घ्यायचा, पाना_पक्कड?

पाना_पक्कड

बरेच १/८ एनपीटी आट्यांचे येतात. विकत घेण्याआधी मॅनिफोल्डच्या भिंतीची जाडी बघून घ्या, आणि टोक वायूच्या प्रवाहाच्या मधोमध येईल एवढीच लांबी आत ठेवा. फोटो टाका, सांगतो कुठे पाडायचं.